जेवणाऱ्याची मान

फुकट वाढलेलं अन्न माणसाला मोठं करतं की लहान, हा प्रश्न आचाऱ्यानं विचारू नये, असं आमच्या धंद्यातले जुने लोक म्हणतात. आचाऱ्यानं मीठ बघावं, तिखट बघावं, शेवटच्या पंगतीपर्यंत आमटी पुरते का ते बघावं. कोण जेवलं, कोणाच्या पैशानं जेवलं, हे यजमानाचं खातं. पण पुण्यात भट्टीपुढं चाळीस वर्षं काढली तरी हा प्रश्न काही माझ्या मागचा सुटला नाही. तो मला शहरात पडलेला नाही. गावाकडून येताना भाकरीच्या फडक्याबरोबर बांधूनच आला असावा.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून गेल्यावर. आता लोक अंजीर-सीताफळाचा तालुका म्हणून ओळखतात. आमच्या लहानपणी ओळख एकच होती, पाणी नाही. 1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. रेशनला लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी थापताना आई मनातल्या मनात कोणाकोणाचा उद्धार करायची. कामावर सुकडी वाटायचे. सुकडी गोड, आम्ही पोरं तिच्यावर तुटून पडायचो. बाकीच्या बाया झाडाखाली बसून तिथंच खायच्या. आईनं मात्र तिथं बसून घास घेतला नाही, पदराला गाठ मारून घरी आणायची. पुष्कळ वर्षांनी मी तिला कारण विचारलं. म्हणाली, "तिथं खाल्ली आसती तर कुनी दिल्यावानी वाटलं आसतं. घरी आनली की माझ्या कामाची झाली."

सुकडी तीच. रस्त्यावर खाल्ली तर दान, घरी खाल्ली तर मजुरी. यावर कोणी शिकलेला माणूस हसेल. मला हसू येत नाही.

माझे चुलते, नाना, गावचे आचारी. लग्नाला बोलावलं तर शिधा, टॉवेल-टोपी आणि ठरले असतील ते पैसे घ्यायचे. सप्त्याच्या काल्याला मात्र एक पैसा घेत नसत. देवळामागं चर खणायचा, त्यावर हंडे चढवायचे, येसूर घातलेली आमटी, भात आणि लापशी. अख्खं गाव जेवायचं. "अख्खं गाव" असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात देवळासमोर पंगती बसायच्या, आणि ज्यांनी सकाळपासून चरासाठी लाकडं फोडली ते गावकुसाबाहेरचे लोक आपापली भांडी घेऊन पिंपळाच्या पलीकडं थांबायचे. त्यांना वरून वाढायचं. वगराळं भांड्याला लागू द्यायचं नाही. बाबा आढावांनी एक गाव एक पाणवठ्याची चळवळ सुरू केली ती याच 1972 च्या सुमाराला, पण आमच्या पिंपळापर्यंत तिची झुळूक यायला वेळ लागला. मी नानांना एकदा विचारलं होतं, "नाना, ते मागनं का जेवतात?" नाना म्हणाले, "आमटी तर एकाच हंड्यातली हाय ना?" त्यांच्या लेखी तेवढा न्याय पुरेसा होता. आमटी एका हंड्यातली होती हे खरं. पण पिंपळाखालचा माणूस खाली बघत जेवायचा, आणि देवळापुढचा माणूस इकडंतिकडं बघत, "अरे, इकडं भात आण" म्हणून ओरडत जेवायचा.

हे खेड्यातलंच आहे असं समजायचं कारण नाही. 2017 साली पुण्यासारख्या शहरात, घरी सोवळ्याचा स्वयंपाक करायला ठेवलेल्या बाईनं जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती. गावात जेवणाऱ्याची जात बघायचे, इथं रांधणारीची. पुण्यातल्या आचाऱ्यांमध्ये त्या वेळी त्यावर फार बोलणं झालं. आमच्यातले निम्मे जण कोणत्या जातीचे आहेत हे यजमानाला माहीत नसतं, आणि बासुंदी सगळ्यांना आवडते.

मी 1984 मध्ये पुण्यात आलो. थोरला चुलतभाऊ भवानी पेठेत हमाली करायचा, त्याच्या खोलीवर राहिलो. तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं. दुपारी बारा-साडेबाराला तो मला घेऊन 'कष्टाची भाकर'मध्ये जेवायला जायचा. हमाल पंचायतीनं 1974 साली ते केंद्र सुरू केलं, बाबा आढावांच्याच पुढाकारानं. ना नफा ना तोटा असा हिशोब. भाकरी, झुणका, भाजी, वरण-भात, हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त. स्वयंपाकाला बाया, त्यांना रोजगार. हमाल यायचे, रिक्षावाले यायचे, बाहेरगावची शिकायला आलेली पोरं यायची.

मला तिथलं एक अजून डोळ्यापुढं आहे. माझा भाऊ, जो गावात पाटलाच्या दारी बसला की वाढलं ते निमूट गिळायचा, तो इथं पहिल्या घासाला म्हणायचा, "मावशी, आज मीठ जास्ती पडलंय." आणि मावशी आतून म्हणायची, "उद्या कमी टाकते, आज ताक घे." बस्स, एवढंच. मी तेव्हा अठरा वर्षांचा, नवा नवा हाताखाली लागलेलो, आणि मला वाटलं भाऊ उद्धट झालाय. पुढं कळलं की तो जेवण विकत घेत होता, आणि विकत घेतलेल्या जेवणाला नाव ठेवता येतं. फुकटच्या जेवणाला कोण नाव ठेवणार?

तेव्हापासून माझं हे एक माप आहे. कुठंही अन्नदान चाललं असलं की मी भाताकडं नंतर बघतो, आधी कान देतो. जेवणारा तक्रार करतो का? करत असेल तर तिथं त्याला जागा आहे.

एवढ्यावर मी ठरवून टाकलं असतं की पैसे घ्यावेत, फुकट काही देऊ नये, विषय संपला. पण पालखी आडवी येते.

ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला. त्या दिवसांत या पेठांमध्ये उपाशी राहायचं म्हटलं तरी जमत नाही. मंडळं, व्यापारी, घराघरांतल्या बाया, सगळे खाऊ घालतात. आम्ही आठ-दहा आचारी मिळून दरवर्षी एका मंडळाकडं रांधतो, मजुरी न घेता. हिशोब वेगळा लागतो. लग्नात किलोभर तांदळात दहा माणसं उठतात, कारण त्यांच्यापुढं बासुंदी असते, दोन भाज्या असतात, आणि निम्मे लोक साखर-बीपीवाले. वारकऱ्याला किलोत सहा धरावे लागतात. आळंदीपासून चालत आलेला असतो, आणि पुढं माझ्याच गावाकडचा दिवे घाट चढायचा असतो.

तर तिथं पैसे कोणी घेत नाही. तरी एक म्हातारा, बहुतेक परभणीकडचा, मला सरळ म्हणाला, "माऊली, भात लई फडफडीत केलाव, दातानं चावंना." आणि ज्या शेठजीच्या पैशाचा भात होता ते शेठजी वाकून त्याच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "ऐकलंत ना? दुसरा हंडा मऊ लावा." फुकट जेवणारा तक्रार करतो आणि खर्च करणारा पाया पडतो! म्हणजे माझं सगळं गणित पैशापाशी अडलं होतं, ते काही खरं नव्हे. इथं जेवणारा मोठा आहे असं देणाऱ्यानं आधीच मानलेलं असतं. म्हाताऱ्यानं जेवून शेठजीवर उपकार केले होते, आणि ते दोघांनाही माहीत होतं. कॅम्पातल्या गुरुद्वारातही मी जेवलोय. तिथं सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात, आणि शेजारी बसलेला गाडीवाला मालक उठून भांडी घासायला जातो. तिथंही दमडी लागत नाही आणि मान खाली जात नाही.

मग लहानपण येतं कुठून?

2020 च्या मार्चअखेरीला टाळेबंदी लागली. लग्नं रद्द झाली, माझी पोरं बसून. एका ओळखीच्या माणसानं तांदूळ-डाळ आणून टाकली आणि म्हणाला, रोज पाचशे पाकिटं करा. आम्ही केली. खिचडी, कधी पुरीभाजी. मी स्वतः वाटायला जायचो, कारण कान द्यायची सवय. रोज विचारायचो, "मीठ बरोबर आहे का?" सगळे म्हणायचे, "चांगलंय साहेब." एका दिवशी नाही, महिनाभर, पाचशेच्या पाचशे जण. पंधरा माणसांच्या घरात एक तरी नाक मुरडतो, आणि इथं पाचशे जणांना रोज बरोबर कसं लागेल? मला त्या "चांगलंय"ची भीती वाटायला लागली.

एकदा पैसे देणाऱ्याची माणसं फोटो काढायला आली. पाकीट एका हातानं देणाऱ्यानं धरायचं, एका हातानं घेणाऱ्यानं, आणि दोघांनी मोबाइलकडं बघायचं. रांगेत एक गवंडी होता, उस्मानाबादकडचा, पन्नाशीचा. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "फोटो ऱ्हाऊ द्या. गावाकडं लेकीच्या सासरी कुनी बघितला तर?" फोटोवाला म्हणाला, "अहो काका, वरती पाठवावा लागतो." गवंडी रांगेतनं निघाला आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. मी संध्याकाळी त्याच्या खोलीवर डबा नेला. त्यानं घेतला आणि म्हणाला, "तुमच्या मंगल कार्यालयाची भिंत पडलीय मागल्या बाजूची, ती बांधून देतो." मी हो म्हटलं. नको म्हणालो असतो तर डबा परत केला असता त्यानं. जूनमध्ये येऊन खरंच बांधून गेला.

लोक मोठमोठ्या कढयांचं कौतुक करतात, मीही करतो. विष्णू मनोहरांनी नागपुरात 2018 साली 3000 किलोची खिचडी केली, पुण्यात 2021 साली 7000 किलोची मिसळ केली. एवढ्या मालाला खालून लागू न देता हलवणं ही काय चीज आहे ते आचाऱ्यालाच कळतं. पण खिचडी हलवण्याची विद्या आहे, ती शिकता येते. त्या गवंड्याच्या हातात पाकीट कसं ठेवायचं याची विद्या मला कोणी शिकवली नव्हती.

सरकारनं 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन सुरू केलं. दहा रुपयांत दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. शहरात ताटाची किंमत पन्नास धरलेली, वरचे चाळीस सरकार देणार. आचारी म्हणून सांगतो, किलोभर तांदळाचा भात शिजून अडीच-पावणेतीन किलो होतो, म्हणजे किलोत सतरा-अठरा ताटं. खडी फोडणाऱ्याचा कोपरासुद्धा भरायचा नाही पोटाचा. तरी त्या दहा रुपयांत एक गंमत होती. टाळेबंदीत ते पाच झाले, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये काही काळ ताट फुकट झालं. संकटात ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता आमच्या भागातल्या मजूर अड्ड्याजवळ आम्ही रोज दुपारी शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण करतो. लग्नाच्या कामातून जे सुटतं त्यातून. सुरुवातीला मी ताटाला दहा रुपये ठेवायचे म्हणालो. मुलाला ते पटलं नाही. तो म्हणाला, "अण्णा, ज्याला चार दिवस काम नाही त्याच्याकडं दहा रुपये पण नसतात. भुकेच्या वेळी तुम्ही मानेचं काय घेऊन बसलात? आधी पोट." मी त्याला आजीच्या सुकडीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजी घरी नेऊन तुम्हा सगळ्यांना खाऊ घालायची म्हणून नेत असेल. तुम्ही त्याचं काहीतरी केलंत." हे मला बोचलं, कारण ते खरंही असू शकतं. आईला आता विचारायची सोय राहिली नाही. दोन पोरं कडेवर घेतलेली बाई दहा रुपयांसाठी परत फिरली तर माझा सगळा विचार चुलीत घालायच्या लायकीचा, हे मलाही कळतं.

शेवटी डबा ठेवला. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा, वाढतात तिथं नाही, ताट धुवायच्या नळापाशी. ताट ज्याचं त्यानं धुवायचं, मीही माझं तिथंच धुतो. डब्याजवळ कोणी उभं राहायचं नाही, असं पोरांना सांगून ठेवलंय. ज्याला वाटेल त्यानं टाकावं. मुलगा संध्याकाळी मोजतो. कधी तीनशे निघतात, कधी चाळीस. एकदा एसटीचं जुनं तिकीट निघालं, त्यावर तो दिवसभर चिडला होता. मी म्हटलं, नोट नसेल त्याच्याकडं, आवाज नको यायला म्हणून टाकलं असेल काहीतरी. तो म्हणतो, तुम्हाला सगळ्यातच अर्थ दिसतो.

मागच्या महिन्यात एक पोरगा यायला लागला, लातूरकडचा, विशी-बाविशीचा. आठ दिवस आला, खाली बघून जेवला, ताट धुतलं, गेला. डब्याकडं गेला नाही. विचारलं की "चांगलंय." नवव्या दिवशी दोन भाकरी झाल्यावर मान वर करून म्हणाला, "काका, आमटीला येसूर कमी हाय आज. परवाची भारी झालती."

मी आत जाऊन मुलाला सांगितलं, उद्यापासून येसूर वाढव. तो म्हणाला, शंभर माणसांमागं एवढा एवढा जास्त गेला तर महिन्याला किती होईल ते आधी बघा. म्हटलं, बघू.