नैतिक जबाबदारी, व्याजासकट

कर्जरोख्यांच्या बाजारात एक प्रकार असा आहे की त्याचं नाव ऐकूनच माणूस थबकतो. ‘मॉरल ऑब्लिगेशन बाँड’, म्हणजे नैतिक जबाबदारीचे रोखे. सरकारी संस्था रोखे विकून पैसे उभे करते आणि ते एखाद्या कंपनीला कर्जाऊ देते. कंपनीनं हप्ते थकवले, तर तूट भरून काढण्याचा प्रस्ताव विधिमंडळापुढे जातो. पण तो मंजूर करायला विधिमंडळ कायद्यानं बांधील नसतं. दिलेला असतो तो फक्त शब्द.

आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकार थकहमी देतं. तिच्यावर कितीही टीका करा, निदान ती काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं : कारखाना बुडाला की बँक सरकारच्या दारात. इथे मात्र ‘नैतिक’ हा शब्दच तारण ठेवलेला.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या राज्यानं २०१० मध्ये असे साडेसात कोटी डॉलरचे रोखे काढले. तेव्हाच्या दरानं साधारण साडेतीनशे कोटी रुपये. हे राज्य आकारानं आपल्या गोव्याएवढं आणि लोकसंख्या गोव्याहूनही कमी, साडेदहा लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत माणशी सत्तर डॉलरच्या वर. पैसे कुणासाठी? ‘थर्टीएट स्टुडिओज’ नावाच्या व्हिडिओ गेम कंपनीसाठी. तिचा मालक कर्ट शिलिंग, बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचा गाजलेला बेसबॉलपटू. रक्तानं माखलेल्या मोज्यानिशी २००४ साली त्यानं केलेली गोलंदाजी तिकडे दंतकथा झाली आहे. (हा गृहस्थ सरकारनं कमीत कमी लुडबुड करावी या मताचा, ही आणखी एक गंमत.)

हे वाचून ‘काय मूर्ख सरकार’ असं वाटणं सोपं आहे. पण त्या वेळचं ऱ्होड आयलंड डोळ्यासमोर आणा. कापडगिरण्या केव्हाच गेलेल्या, नकली दागिन्यांचे कारखाने ओस, बेकारी ११ टक्क्यांच्या वर. अशात शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधली एक कंपनी म्हणते, आम्ही तुमच्या प्रॉव्हिडन्स शहरात येतो आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत साडेचारशे नोकऱ्या आणतो. तुम्ही गव्हर्नर असता तर काय केलं असतं? काहीच न करणं हीसुद्धा एक पैजच असते, फक्त ती हरलेली कुणाच्या नावावर लागत नाही.

नोकऱ्या आणण्यासाठी कर्जहमीची साडेबारा कोटी डॉलरची योजना विधिमंडळानं मंजूर केली होती. त्यातले साडेसात कोटी एकट्या या कंपनीला गेले. जिनं तोवर एकही गेम बाजारात आणला नव्हता.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘किंग्डम्स ऑफ अमालूर : रेकनिंग’ हा गेम आला. लोकांना आवडला, बरा खपलाही. पण कंपनीचं खरं स्वप्न होतं त्याहून कितीतरी मोठा ऑनलाइन गेम, ‘कोपर्निकस’, आणि तो पैसे गिळत होता. मे महिन्यात सरकारचा हप्ता चुकला, मग पगार चुकले, आणि २४ मे रोजी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकदम काढून टाकलं. जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

आता प्रश्न असा : कंपनी बुडाली म्हणून कर्ज देणं चूक ठरतं का?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘मॉरल लक’ या कल्पनेवर निबंध लिहिले. विल्यम्सचं उदाहरण गोगॅं नावाच्या चित्रकाराचं : बायकापोरांना सोडून तो चित्रं काढायला दूर बेटावर जातो. मोठा चित्रकार झाला तर जग त्याला माफ करून टाकतं; नाही झाला, तर तो निव्वळ बेजबाबदार नवरा. कृती तीच, निवाडा मात्र नशिबावर. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं त्याच सुमारास टेस्लाला साडेशेचाळीस कोटी डॉलर कर्ज दिलं होतं आणि सोलिंड्रा या सौर कंपनीच्या साडेत्रेपन्न कोटींच्या कर्जाला हमी. टेस्लानं २०१३ मध्ये मुदतीआधीच सगळं फेडलं. सोलिंड्रा २०११ मध्येच बुडाली होती. पहिल्या कर्जाला दूरदृष्टी म्हणतात, दुसऱ्यावर संसदेत चौकशी होते.

नशिबाचं हे तत्त्व मला पटतं, पण इथे ते पुरत नाही. गोगॅंनं स्वतःचं आयुष्य पणाला लावलं होतं (आणि बायकोचंही, हे आपण सोयीनं विसरतो). गव्हर्नर लावतो ते दुसऱ्यांचं. प्रॉव्हिडन्सच्या बसचालकाला या पैजेतून बाहेर पडायची सोय नव्हती. कुणी म्हणेल, पूल बांधतानाही त्याला कोण विचारतं? खरं आहे. पण पुलावरून त्याची बस जाते.

शिवाय कर्ज या प्रकाराचं गणितच सरकारच्या विरोधात आहे. व्हेंचर कॅपिटलवाले दहा कंपन्यांत पैसे घालतात, त्यातल्या आठ बुडाल्या तरी एखादी इतकं देऊन जाते की बाकीचं भरून निघतं, कारण त्यांच्याकडे हिस्सा असतो. कर्ज देणाऱ्याला जिंकणाऱ्याकडून मिळतं फक्त मुद्दल आणि व्याज, हरणाऱ्याकडून शून्य. टेस्ला पुढे कुठल्या कुठे गेली. करदात्याला हप्ते मिळाले. मारियाना मात्सुकातो ही अर्थतज्ज्ञ हेच सांगत आली आहे की जोखीम सार्वजनिक आणि नफा खासगी, असा हा व्यवहार होऊन बसतो. ऱ्होड आयलंडनं तर दहा कंपन्याही घेतल्या नाहीत. जवळजवळ सगळी कोंबडी एकाच खुराड्यात.

तरीही, एकाच घोड्यावर पैसे लावणं हा अविचार झाला, अनीती नव्हे. अनीती कुठे आहे ते २०१६ मध्ये स्पष्ट झालं. अमेरिकेच्या रोखे नियामकानं, म्हणजे त्यांच्या ‘सेबी’नं, राज्याच्या विकास महामंडळावर आणि वेल्स फार्गो बँकेच्या रोखे विभागावर आरोप ठेवला : गेम पूर्ण करायला कंपनीला किमान साडेसात कोटी लागणार होते आणि रोख्यांतून तिच्या हातात पडणार होते सुमारे पाच कोटी, कारण उरलेले राखीव निधीत आणि खर्चात जाणार होते. ही तूट त्यांना माहीत होती, पण रोखे घेणाऱ्यांना सांगितली गेली नाही, असं नियामकाचं म्हणणं. महामंडळानं आणि पुढे बँकेनंही दंड भरून प्रकरण मिटवलं. पूल अर्ध्यावर थांबणार हे ठाऊक असताना त्याची वर्गणी गोळा करायची, असा तो प्रकार. लोकांच्या वतीनं जुगार खेळण्याचा अधिकार निवडून आलेल्यांना असेलही. पत्ते झाकून ठेवण्याचा नाही.

मग ती ‘नैतिक जबाबदारी’? राज्यात मोठा वाद झाला. अनेकांचं म्हणणं होतं, देऊ नका. आपण कायद्यानं बांधील नाही. रोखे घेणाऱ्यांनी जास्त व्याज कशासाठी घेतलं, याच धोक्यासाठी ना? युक्तिवाद मला तरी वजनदार वाटतो. पण पतमानांकन संस्थांनी इशारा दिला की पैसे दिले नाहीत तर राज्याचं मानांकन घसरेल, आणि मग प्रत्येक शाळेसाठी, प्रत्येक रस्त्यासाठी घेतलेलं कर्ज महाग होईल. राज्यानं पैसे भरले. व्याजासकट देणं अकरा कोटी डॉलरच्या घरात. बँका, वकील, विमा कंपन्या यांच्यावर दावे लावून त्यातले सहा कोटींच्या आसपास वसूल झाले. बाकीचा भार लोकांवर.

म्हणजे शब्द पाळला गेला, तो सद्सद्विवेकबुद्धीनं नव्हे, मानांकनाच्या भीतीनं. काहींना यात वावगं वाटणार नाही; शब्द पाळण्याची सवय भीतीतूनच लागते म्हणतील. मला खटकतं ते वेगळं. या सगळ्या चर्चेत ‘नैतिक’ हा शब्द एकाच बाजूला चिकटलेला राहिला, ज्यांनी रोखे घेतले त्यांच्या. जे घर हलवून प्रॉव्हिडन्सला आले, ज्यांचा पगार आणि पाठोपाठ आरोग्यविमाही एका महिन्यात गेला, त्यांचं देणं खरं तर कायद्याचं होतं. त्यांच्याकडे फक्त मानांकन संस्था नव्हती. दिवाळखोरीचं कामकाज रेंगाळत राहिलं आणि २०२१ मध्ये, नऊ वर्षांनी, त्यांच्या थकलेल्या पगारातला अगदी थोडा हिस्सा त्यांना मिळायची वेळ आली.