पिकू द्या म्हणण्याआधी

आगाशी-निर्मळच्या वाड्यांतून पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले नेणारी, आणि परतल्यावर वाडीचे शिंपणे व घरचा स्वयंपाक उरकणारी जी प्रौढ स्त्री आपल्या वसई तालुक्यात आजही आढळते, तिने अंधुक दिसत असल्याची तक्रार केली म्हणजे घरातले वडीलधारे बहुधा एकच उत्तर देतात : मोतीबिंदू असेल, पिकू द्या. या उत्तरात निष्ठुरता नसते. पिढ्यांचा अनुभव असतो. गढूळलेले भिंग काढून नवे बसविले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते, आणि १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानंतर ही शस्त्रक्रिया खेडोपाडी परिचयाची झाली. परंतु त्या स्त्रीला मधुमेह असेल, तर हीच अनुभवसिद्ध सबुरी तिच्या दृष्टीचा घात करू शकते.

मधुमेह भिंगामागच्या दृष्टिपटलालाही इजा करतो. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली म्हणजे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरतात, काही बुजतात; प्राणवायूच्या तुटवड्यापायी नव्या फुटतात, पण त्या इतक्या तकलादू असतात की त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. हे चालू असता डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पुष्कळदा वाचनही पूर्ववत चालते. लेसरने वा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी पुढची हानी बव्हंशी रोखता येते. गेलेली दृष्टी मात्र अनेकदा परत येत नाही. म्हणूनच प्रौढपणीचा मधुमेह कळताच बाहुली विस्फारून डोळ्याचा पडदा तपासावा, आणि पुढे साधारणतः दरसाल तपासत राहावे, असा वैद्यकाचा दंडक आहे.

हा दंडक पाळला जात नाही याचे कारण मला अज्ञानापेक्षा संकोचात अधिक दिसते. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, सोबत माणूस लागते, आणि वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत हजेरीवर राबणाऱ्या घरात त्यापायी दोघांचा रोज बुडतो. आपल्याला अद्याप स्वच्छ दिसत असता घरच्यांकडे एवढा खर्च मागणे स्त्रीला तर अपराधासारखे वाटते. तिच्या सोशिकपणाची थोरवी आपण गातो खरी, पण त्या सोशिकपणाचे उत्पन्न आपणच खात असतो. तेव्हा तिच्या मौनाची जबाबदारी तिच्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखविले. असे घर आता प्रत्येक आळीत आहे. तेथे साखर किती आली एवढेच विचारून न थांबता पडदा केव्हा दाखवला हेही मुलाने विचारावे, तिने मागण्यापूर्वीच तपासणीच्या दिवसाच्या मजुरीची तजवीज घरखर्चात करावी, आणि सोबत जाणाऱ्या मुलाची त्या दिवसाची रजा कारखानदाराने पगारी धरावी.