गैरहजर साथीदार

२० नोव्हेंबर १९९९ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत ‘पेव्हमेंट’ या अमेरिकी बँडचा कार्यक्रम झाला. गायक-गिटारवादक स्टीफन माल्कमस यानं मायक्रोफोनच्या दांड्याला हातकड्या अडकवल्या होत्या. इतकी वर्षं बँडमध्ये राहणं कसं असतं ते या हातकड्यांवरून समजा, अशा अर्थाचं काहीतरी तो समोरच्या गर्दीला म्हणाला. पुढची दहा वर्षं पेव्हमेंट पुन्हा रंगमंचावर आला नाही. फेब्रुवारी २००१मध्ये माल्कमसचा पहिला एकल अल्बम निघाला. बँड मोडल्यानं हळहळलेल्या चाहत्यांनी तो आतुरतेनं ऐकला, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचं पहिलं मत असं पडलं की अल्बम छान आहे, पण हा पेव्हमेंट नाही.

एकल अल्बमबद्दल असं बोलणाऱ्या चाहत्याची सहसा कीव केली जाते. तो आपल्या तरुणपणात अडकलाय, कलावंताला वाढू देत नाही, जुनीच गाणी पुन्हा मागतोय, असं समीक्षक म्हणतात आणि कधी कधी खुद्द कलावंतही सुचवतात. या टीकेत तथ्य आहे. पण ती करताना एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ‘काहीतरी कमी आहे’ असं म्हणणारा श्रोता पुष्कळदा अगदी बरोबर ऐकत असतो. अल्बमच्या वेष्टनावर गीतकार-संगीतकार म्हणून ज्याचं नाव छापलेलं असतं, त्याच्याखेरीज आणखी चार-पाच माणसं ते संगीत घडवत होती, हे त्याच्या कानांना कळलेलं असतं. कारण सांगता येत नाही म्हणून त्याचं ऐकणं खोटं ठरत नाही.

पेव्हमेंटचंच पाहू. १९८९मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग या दोन मित्रांनी हा बँड सुरू केला. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते गॅरी यंग नावाच्या, त्यांच्याहून तेरा-एक वर्षांनी मोठ्या माणसाच्या घरगुती स्टुडिओत. यंग या मुलांचा ड्रमर होऊन बसला. अफाट दारू पिणारा, कार्यक्रमाच्या मध्येच हातांवर उभा राहणारा, दारात उभं राहून येणाऱ्या प्रेक्षकांना कोबी वाटणारा हा माणूस कधी लयीत वाजवील आणि कधी भरकटेल याचा नेम नसे. म्हणून बॉब नस्टानोविच या मित्राला सोबत घेतलं गेलं. त्याचं काम लय सांभाळायला हातभार लावणं आणि गाण्यात मध्येच घसा फाडून ओरडणं. बेसवर मार्क आयबोल्ड आला. १९९३मध्ये यंग गेला आणि ड्रम्सवर स्टीव्ह वेस्ट आला, तोही थोडा सैल, थोडा मागे रेंगाळत वाजवणारा. मंडळी अमेरिकेच्या वेगवेगळ्या शहरांत राहत, त्यामुळे तालमी जेमतेम होत. आता मोडेल असं वाटणारं आणि तरीही उभं राहणारं जे गाणं १९९२च्या ‘स्लँटेड अँड एन्चांटेड’मध्ये आणि १९९४च्या ‘क्रुकेड रेन, क्रुकेड रेन’मध्ये ऐकू येतं, ते या साऱ्या अडचणींतून आलेलं आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांच्या आधारानं वाढलेल्या इंडी रॉकमध्ये ही तोकडी साधनं आणि ही ओबडधोबड माणसंच शैली ठरवतात.

कागदावर मात्र बहुतेक गाणी माल्कमसची. १९९९चा शेवटचा अल्बम ‘टेरर ट्वायलाइट’ घ्या. त्यात कॅनबर्गचं एकही गाणं नाही. ‘रेडिओहेड’ या बँडच्या ‘ओके कम्प्युटर’ अल्बममुळे नाव झालेल्या नायजेल गॉडरिच यानं तो निर्मिला आणि काही गाण्यांत वेस्टच्या जागी दुसऱ्याच ड्रमरनं वाजवलं. श्रेयाच्या हिशेबानं पाहिलं तर माल्कमस तेव्हाच एकटा निघाला होता. सुबक, नीट घडवलेला, आणि बँडच्या चाहत्यांत आजही वादाचा विषय असलेला असा हा अल्बम आहे. मालकी एकाच माणसाकडे सरकत गेली तसा आवाजही सरकत गेला, हे पाठोपाठ ऐकलं की स्वच्छ जाणवतं.

२००१च्या अल्बमसाठी माल्कमसनं ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडचे वादक घेतले. बेसवर जोआना बोल्म, ड्रम्सवर जॉन मोएन. अल्बम अत्यंत चतुर आहे. एक गाणं टक्कल मिरवणाऱ्या नट यूल ब्रिनरच्या तोंडी आहे, दुसऱ्यात चाच्यांच्या हाती सापडलेल्या मुलाची कहाणी. चाली गोड आहेत, गिटार खुली आहे, आणि हाताशी असलेले वादक वेळेवर येतात. उणीव नेमकी तिथे आहे. पूर्वी माल्कमसचा विनोद आणि तिरकस शब्द मागच्या गडबडीशी झुंजत पुढे यायचे. समोर कुणी अडवणारं नसलं की तीच चतुराई थोडी गुळगुळीत वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनबर्गनं ‘प्रेस्टन स्कूल ऑफ इंडस्ट्री’ या नावानं स्वतःचा अल्बम काढला. त्यात भाबडेपणा आणि ऊब भरपूर, पण शब्दांना धार कमी. दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकले तर दोघांनी एकमेकांना काय दिलं होतं त्याचा अंदाज येतो. एकाची गीतरचना दुसऱ्याहून सरस आहे हे खरं, पण पेव्हमेंट म्हणजे सरस गीतरचना एवढंच कधी नव्हतं.

अशा नाराजीला आणखीही एक भक्कम पुरावा आहे. ‘पिक्सीज’ या बॉस्टनच्या बँडची जवळपास सगळी गाणी गायक ब्लॅक फ्रान्सिसच्या नावावर आहेत. बेस वाजवणारी आणि मागून गाणारी किम डील हिचं नाव ‘जायगँटिक’सारख्या मोजक्या गाण्यांवर सहलेखिका म्हणून येतं. जून २०१३मध्ये ती बँडमधून बाहेर पडली. २०१४मध्ये ‘इंडी सिंडी’ आला तेव्हा गायक तोच, गिटारवादक तोच, ड्रमर तोच. निर्मातादेखील १९८९च्या ‘डूलिटल’चाच, गिल नॉर्टन. बदललेलं माणूस एकच, आणि चाहत्यांना ती पोकळी लगेच ऐकू आली. फ्रान्सिसच्या किंचाळीला डीलचा थंड, जवळजवळ बेफिकीर आवाज उत्तर द्यायचा. ते उत्तर येईनासं झालं, आणि जिला गाण्यांत वाटा फारसा मिळाला नव्हता तिच्या नसण्यानं अख्खा बँड बदलला. हा न्याय हक्कांच्या कागदपत्रांनी केला नाही, तो श्रोत्यांनी केला.

इथवर चाहत्यांची बाजू. पण ऐकू आलेली उणीव आणि केलेली मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाहते दुसरीकडे फार चटकन वळतात. सप्टेंबर २००९मध्ये पेव्हमेंट पुन्हा एकत्र येणार असं जाहीर झालं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमाला अजून वर्ष बाकी होतं, तरी तिकिटं झपाट्यानं संपली आणि आणखी कार्यक्रम वाढवावे लागले. तोपर्यंत माल्कमसचे चार अल्बम येऊन गेले होते. त्यांतला २००८चा ‘रिअल इमोशनल ट्रॅश’ तर ‘स्लीटर-किनी’ या बँडच्या जॅनेट वाइस हिच्या ड्रम्सवर उभा असलेला दणदणीत अल्बम होता. त्यासाठी वर्षभर आधी रांग लागली नव्हती. पेव्हमेंटचे अल्बम पाच. माल्कमसनं त्यानंतर स्वतःच्या नावानं किंवा ‘द जिक्स’ या साथीदारांसह नऊ काढले. दहा वर्षं टिकलेल्या बँडनं नंतरच्या वीसहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीला झाकून टाकावं, हे ज्यानं एकदा हातकड्या दाखवून ठेवल्या त्याच्या बाबतीत तरी क्रूर आहे.

या क्रौर्यात रेकॉर्ड कंपन्यांचाही वाटा असतो. पहिला अल्बम ‘द जिक्स’ या नावानं यावा अशी माल्कमसची इच्छा होती, पण ‘मॅटाडोर’ कंपनीनं वेष्टनावर त्याचंच नाव घातलं. विकलं जाणारं नाव ते होतं. म्हणजे चाहत्यांनी ‘एकल’ म्हणून ज्याची बँडशी तुलना केली तो त्याच्या मनात एकल नव्हताच, नवा बँड होता. पुढे त्यानं संगणकावर, ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन एक अल्बम केला, तेव्हा आधी नेहमीच्या धाटणीचा काढावा असा कंपनीचा सूर पडला. म्हणून २०१८मध्ये ‘स्पार्कल हार्ड’ आला आणि तो दुसरा अल्बम मार्च २०१९मध्ये. त्याचं नाव ‘ग्रूव्ह डिनाइड’, आणि त्यात या नकाराचीच खूण आहे. तो डळमळता, अर्धाकच्चा, यंत्रांशी खेळणारा अल्बम आहे, आणि गंमत अशी की स्टॉकटनच्या घरगुती स्टुडिओतल्या धडपडीच्या सर्वांत जवळ जाणारी माल्कमसची कामगिरी हीच असावी. गॅरी यंगची जागा इथे न आवरणाऱ्या यंत्रानं घेतली आहे. पुष्कळ चाहत्यांना मात्र गिटार दिसेना म्हणून ते थबकले. उणीव ओळखणारा कान जे हजर आहे ते ओळखण्यात असा मागे पडू शकतो.

वर्षभरानं, मार्च २०२०मध्ये, ‘ट्रॅडिशनल टेक्निक्स’ आला. बारा तारांची गिटार, लोकसंगीताची संथ चाल, कैस एस्सार याचा अफगाणी रबाब. पहिल्याच गाण्याच्या नावात ‘कीर्तन’ हा शब्द आहे, त्यामुळे मराठी श्रोत्याचं कुतूहल चाळवेल. वारकरी कीर्तनाची अपेक्षा ठेवू नये, पण संथपणे फिरत राहणारी, साथीदारांना जागा देणारी चाल तिथे आहे. या अल्बमचं स्वागत बऱ्याच मोकळ्या मनानं झालं. कारण उघड आहे. तो पेव्हमेंटपासून इतका दूर गेला की तुलनेला पकडच उरली नाही.

चाहत्यांना दोष देताना त्यांचा एक मोठा गुणही सांगितला पाहिजे. ते आपलं मत बदलतात, आणि तसं उघडपणे सांगतात. १९९५चा ‘वावी झावी’ हा अठरा गाण्यांचा, कुठेही भरकटणारा अल्बम आला तेव्हा लोक गोंधळले होते. आता पेव्हमेंटच्या जुन्या श्रोत्यांना सर्वांत आवडता अल्बम विचारला तर त्याचं नाव वारंवार येतं. पिक्सीज पुन्हा जुळण्याच्या बऱ्याच आधी, १९९३मध्ये, ब्लॅक फ्रान्सिसनं तो मोडला होता आणि फ्रँक ब्लॅक या नावानं एकल वाट धरली. त्याचा १९९४चा बावीस गाण्यांचा ‘टीनेजर ऑफ द इयर’ तेव्हा फारसा खपला नाही, पण त्याच्या तिसाव्या वर्षानिमित्त २०२५मध्ये तोच अल्बम घेऊन त्यानं दौरा केला. हे फेरविचार नुसत्या काळानं घडत नाहीत. लोक पुन्हा पुन्हा ऐकतात, बेस कोण वाजवतंय, ड्रम्सवर कोण आहे ते पाहतात, आणि गैरहजर माणसांचा शोध संपला की हजर असलेली माणसं त्यांना भेटू लागतात.

किम डीलनं स्वतःच्या नावानं पहिला अल्बम काढला तो नोव्हेंबर २०२४मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी. नाव ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’. त्यातली ‘आर यू माइन?’सारखी गाणी २०११पासूनची. त्यांची जुनी रूपं तिनं लहान तबकड्यांवर स्वतःच काढली होती. ‘आर यू माइन?’ हे गाणं तिच्या आईच्या स्मृतिभ्रंशातून आलेलं आहे. तू माझीच का, असं आईनं लेकीला विचारलं, तेवढ्या प्रश्नावर ते उभं आहे. ध्वनिमुद्रणाचा मोठा भाग स्टीव्ह अल्बिनीचा. पिक्सीजच्या १९८८च्या ‘सर्फर रोझा’ अल्बमपासून त्यानं तिचा आवाज टिपला होता, आणि अल्बम निघण्यापूर्वीच, मे महिन्यात, तो वारला. डीलची जुळी बहीण केली आणि ड्रमर जिम मॅकफर्सन हे दोघेही ‘द ब्रीडर्स’ या तिच्या दुसऱ्या बँडमधले, आणि दोघेही इथे वाजवतात. एकल म्हणवणारा हा अल्बम साथीदारांनी भरलेला आहे, आणि शीर्षकगीतात तर तंतुवाद्यांचा अख्खा ताफा आहे. जुन्या चाहत्यांनी त्याला मनापासून आपलंसं केलं. ती काय सोडून आली याचा हिशेब मांडण्याची वेळ इथे आलीच नाही, कारण तिनं आपली माणसं बरोबर आणली होती.

त्याच वर्षी ‘द ब्रीडर्स’नं तरुण गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमांआधी गाणी सादर केली. समोर बसलेल्या मुलींपैकी कित्येकींना पिक्सीज हे नावही माहीत नसेल. पेव्हमेंटलाही अशीच नवी पिढी मिळाली आहे. ‘हार्नेस युअर होप्स’ हे १९९९च्या एका ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, टाकून दिलेलं गाणं स्पॉटिफायनं आपोआप लोकांच्या कानावर घातलं आणि ते बँडचं सर्वाधिक ऐकलं जाणारं गाणं झालं. या श्रोत्यांपुढे क्रम उलटा आहे. डीलच्या एकल अल्बममधली तंतुवाद्यं त्यांनी आधी ऐकली, ‘जायगँटिक’ नंतर कधीतरी ऐकतील, आणि पिक्सीजच्या इतर गाण्यांत किम डीलचा आवाज बहुतेक वेळ मागे का ठेवलाय, हा प्रश्न ते विचारतील. जुन्या चाहत्यांनी तो १९८८मध्येच विचारायला हवा होता.