उतारावरचं परिमाण

देवरुखजवळच्या आमच्या वडिलोपार्जित जागेला पश्चिमेकडे चांगलाच उतार आहे. घराचं ठरलं तसा कंत्राटदार म्हणाला, "काका, जेसीबी लावू, सपाटी करून देतो, मग हवं तेवढं बांधा." मला त्या 'हवं तेवढं'चीच धास्ती वाटली.

सपाट जागेवर एखादी जादा खोली सहज खपून जाते. उतारावर ती पुढं काढली की जोतं पुरुषभर उंच जातं, मागं सरकवली की डोंगर कापावा लागतो. कापलेल्या मातीचा भराव आमच्याकडच्या पावसात खाली वाहतो तो थेट शेजाऱ्याच्या भातात. म्हणजे गरज माझी आणि पीक जाणार त्याचं!

म्हणून 'किती' हे आधी ठरवायला हवं होतं. जैन गृहस्थाचं पाचवं अणुव्रत नेमकं त्याचंच, परिग्रह-परिमाणाचं. साधूनं सगळंच सोडायचं. संसारी माणसानं मात्र किती ठेवणार ते आधी ठरवायचं. हे व्रत कुठं कुठं मोडतं ते सांगताना तत्त्वार्थसूत्र सुरुवातच जमीन आणि घर यांपासून करतं, सोनंनाणं त्यानंतर. पतंजलींच्या अपरिग्रहापेक्षा मला हे जवळचं वाटतं. हे व्रत माझ्याकडं आकडा मागतं. उरला प्रश्न घर उतारावर बसवायचं कसं याचा. क्वेकर पंथाचे वास्तुकार लॉरी बेकर तिरुवनंतपुरमला उतारावरच राहिले. घर उताराला आडवं, समोच्च रेषेला धरून बांधा, खोदाई वाचते, असं ते सांगत. आम्ही तेच धरलं.

मग गरजांची यादी. मुलांसाठी दोन खोल्या मीच लिहिल्या होत्या. बायको म्हणाली, "अहो, गणपतीत सगळी पडवीतच लोळतात." खोल्या गेल्या. तिनं स्वतःचं एकच लिहिलं: स्वयंपाकघरातून विहिरीकडं जाताना पायरी नको. गुडघे तिचे, त्यामुळं वाद नव्हता.

अडलं देवघरापाशी. वास्तुशास्त्र देवघर ईशान्येला सांगतं, आणि ईशान्य सखल असावी म्हणतं. आमची ईशान्य म्हणजे नेमका डोंगर, वर जुना फणस. देवासाठी दोन्ही कापायचे? माझ्या मोठ्या भावाच्या मते हो, शास्त्रात तडजोड नसते. मला वाटतं, देवाच्या नावावर खपवलेली हाव ओळखायला सगळ्यात अवघड. शेवटी देव्हारा स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात, तोंड पश्चिमेला. भाऊ अजून घुश्शात आहे. वास्तुशांतीला येतो म्हणालाय, जेवणार का ते नाही सांगितलं.