गिरणी आली, ओवी गेली

जुना ब्लूज ऐकायची सवय लागली की माणूस हळवा होतो. एक साधी गिटार, एक आवाज आणि जुन्या तबकडीची खरखर. रॉबर्ट जॉन्सनची अवघी २९ गाणी मुद्रित झाली, १९३६ आणि १९३७मध्ये. १९३८मध्ये तो गेला. हेडफोन लावून ती ऐकताना वाटतं, असं गाणं आता होणे नाही. पण ते आता होत नाही, हे वाईट झालं का?

कारण ते गाणं मिसिसिपीच्या कापसातून आलं. गुलामी कायद्यानं १८६५मध्ये संपली होती, पण काळी कुटुंबं वाट्यानं जमीन कसत आणि मालकाच्या वहीत कर्जातच राहत. गिटारीला पैसे नसले की पोरं भिंतीला तार ठोकत, तिच्याखाली बाटली सारत आणि तेच वाजवत. (आपल्या गोंधळ्याचं तुणतुणंही एकाच तारेचं. गरिबीला बहुतेक एकच तार परवडते.) पहिली ओळ दोनदा म्हणायची, तेवढ्यात पुढची सुचते. १९४४मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर कापूस वेचणारं यंत्र चालवून दाखवलं गेलं. माणसं आधीपासूनच शिकागोला निघाली होती, नंतर तर लोंढेच गेले.

जळकोटात बसून हे वाचताना मला पिठाची गिरणी आठवते. आमचा हा भाग बालाघाटाच्या डोंगरातला, हलक्या जमिनीचा, ज्वारीच्या भाकरीवर जगलेला. आजीच्या पिढीतल्या बाया कोंबडं आरवायच्या आधी उठून अख्ख्या घराचं दळण दळायच्या. दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं ओवी टाकली की दुसरी उचलायची. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, विठ्ठल. सासूला तोंडावर जे बोलता येत नव्हतं ते जात्याला सांगता येई. सासू आतल्या खोलीत जागीच असायची, पण जात्याशी कोण भांडणार? पलीकडं परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी. तिच्याबरोबर दळायला खुद्द विठ्ठल बसायचा, असं आपण भक्तिभावानं सांगतो. त्या बाईला दळू लागायला घरातलं माणूस कुणी नव्हतं, हेही त्यात आलंच.

मग गिरणी आली. पाच मिनिटांत पायली दळून निघू लागली आणि ओवी गेली.

यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. मोबाइलवर जात्याच्या घरघरीची रील येते, खाली ‘हरवलेली संस्कृती’ असं लिहिलेलं. आजीला दाखवली तर ती म्हणाली, “माय, हात किती भरून यायचे ते नाही दिसत व्हय ह्याच्यात?” गाणं तिला आठवतं, आवडतंही. जातं नको आहे. आपली अडचण अशी की आपल्याला गाणं हवं आहे आणि ते जात्यावरच बसलं की सुचतं, असं तर म्हणच सांगते.

मडी वॉटर्सची गोष्ट मला इथं फार उपयोगी वाटते. स्टोव्हल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवत असे. १९४१मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सनं त्याला तिथंच मुद्रित केलं, साध्या गिटारीवर. १९४३मध्ये तो शिकागोला गेला, विजेची गिटार घेतली, नाव कमावलं. १९५८मध्ये तीच गिटार घेऊन इंग्लंडला गेला तेव्हा काही रसिक नाराज झाले. त्यांना ‘अस्सल’ ब्लूज हवा होता. त्याला शेतातून सुटायचं होतं, रसिकांना तो शेतातच हवा होता. यात कुणी दुष्ट नव्हतं, सगळे त्याच्या गाण्यावर प्रेमच करत होते. म्हणूनच मला ते प्रेम जरा तपासून घ्यावंसं वाटतं.

मग काय, जुनं ऐकूच नये? तसं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्यातल्या काही ‘पारी’च्या संकेतस्थळावर फोनवर ऐकता येतात. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती ओवीखालची नोंद. बाईचं नाव असतं, गाव असतं, जात असते, ती पोटाला काय करते ते असतं. एरवी आपण ‘लोकगीत’ म्हणून मोकळे होतो, म्हणजे कुणाचंच नाही. आणि ऐकत गेलं की दिसतं, या बाया परंपरा जपत वगैरे बसल्या नव्हत्या. ज्या चालीत सीता होती त्याच चालीत माजलगावच्या बायांनी भीमरावांना आणलं. ओवी जुनी, पण ऐकवायची गोष्ट नवी, आणि त्यासाठी त्यांनी कुठल्या रसिकाची परवानगी घेतली नाही. तुम्हाला ऐकायचं असेल तर तिथून सुरुवात करा. आवाज गोड आहे का, हे नंतर बघू. ती काय सांगते आहे, ते आधी.

जातं आमच्याकडं अजून घरात असतं, कोपऱ्यात उभं केलेलं. लग्नात हळदीला ते बाहेर काढतात, खुंट्याला सूत गुंडाळतात, पाच सवाष्णी हात लावतात. बाहेर डीजे, आत दहा फोन वर. एखादी म्हातारी दोन ओव्या म्हणते, तिसरीला पोरी “आज्जे, अजून” म्हणत मागं लागतात. तोवर तिनं पदरानं हात पुसलेला असतो. हळद तशी पाकिटातलीच आणलेली असते.