छातीवरचं फूल

भोरच्या डोंगरातल्या हिर्डोशीकडे फूल छातीवर लावायची रीत नाही. ते देवाला वाहायचं, केसांत माळायचं, फार तर पाहुण्याच्या गळ्यात घालायचं. भाद्रपदात वरंध घाटाच्या वाटेवरचे उतार सोनकीनं पिवळे होतात, पण ती तोडून कुणी खिशाला खोचत नाही. पोटासाठी परमुलखातून आलेल्या माणसाच्या बाजूला आपण उभे आहोत हे दाखवायला फूल लावावं, ही कल्पना इथे स्वतःच उपरी. ती वाढली कशी, ते मात्र बघण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये 1921 साली लाल पॉपी कोटावर आली ती पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी. विक्रीचे पैसे जगल्या-वाचल्या सैनिकांच्या मदतीला गेले आणि पुढच्याच वर्षी ही फुलं बनवायचं काम जायबंदी सैनिकांच्या हाती आलं. म्हणजे आठवणीबरोबर त्यांच्या चुलीचीही सोय झाली. मला ही गोष्ट पॉपीवरच्या भाषणांपेक्षा मोठी वाटते.

मग फुलाला धोका चिकटला. 29 जून 1940. हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली येऊन जेमतेम दीड महिना झालेला. त्या दिवशी राजघराण्याचा जावई प्रिन्स बर्नहार्ड याचा वाढदिवस होता आणि तो नेहमी पांढरं कार्नेशन लावायचा, म्हणून लोक तेच फूल लावून रस्त्यावर आले. गंमत पाहा, बर्नहार्ड जन्मानं जर्मन, लग्नामुळे डच झालेला, आणि राजघराणं तेव्हा देश सोडून गेलेलं. जर्मनांशी लढणारे लोक एका जर्मनाचं फूल मिरवत होते. माणूस कुठे जन्मला यापेक्षा तो कुणाच्या बाजूला आहे, हे त्यांनी मोजलं. हेगच्या महापौरांना त्यापायी पद गमवावं लागलं. दोन वर्षांनी, 3 ऑगस्टला, नॉर्वेचा परागंदा राजा हाकोनच्या सत्तराव्या वाढदिवशी ऑस्लोत फूल लावणाऱ्यांची धरपकड झाली.

स्थलांतरितांसाठी अंगावर खूण घ्यायची तर आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे, फक्त त्यात फूल नाही. दक्षिण आफ्रिकेत करार संपलेल्या हिंदी मजुरांवर तीन पौंडांचा कर होता. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले 1912 मध्ये तिथे जाऊन तो रद्द करा म्हणून सरकारशी बोलले. पुढच्या वर्षी मजुरांनी संप केला, तिथल्या नाताळ प्रांतात गोळीबार झाला. तुरुंगातून सुटलेले बॅरिस्टर गांधी डिसेंबरात लोकांसमोर आले ते साहेबी पोशाख टाकून, मजुराच्या वेशात, अनवाणी. ते सुतक होतं. इकडे आजारी गोखले निधी गोळा करत होते. 1914 मध्ये कर गेला. वेश आणि वर्गणी, दोन्ही लागलं.

त्यापुढे 2016 ची सेफ्टी पिन फिकी दिसते. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर ब्रिटनमध्ये परक्यांना रस्त्यात शिव्या बसू लागल्या, तेव्हा ‘माझ्याजवळ बसायला भिऊ नका’ हे सांगायला लोकांनी ती लावली. ती स्वस्त असल्याची टीका झाली. टीका अर्धीच खरी; बसमध्ये एकट्या बाईला तेवढाही आधार पुरतो. पण भांडण पेटल्यावर पिनवाला मधे पडला नाही, तर तो आधार फसवा ठरतो.

आता आपल्याकडे. भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यातले लोक पिढ्यान् पिढ्या पुण्या-मुंबईला जाऊन राबले. भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या पाण्याखाली ज्यांची गावं-शेतं गेली, त्यांना तर घरच दुसरीकडे मांडावं लागलं. स्थलांतर इथल्या माणसाला शिकवायला नको. तरीही 2008 मध्ये महाराष्ट्रात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांनी, फेरीवाल्यांनी मार खाल्ला. 2020 च्या टाळेबंदीत तर राज्यात कितीतरी गावांनी दगड-काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले, आणि शहरातून आलेली आपलीच पोरं वेशीबाहेर राहिली. भीती समजण्यासारखी होती. पण उपरा ठरायला जात, भाषा, प्रांत काहीच वेगळं लागत नाही, हे तेव्हा दिसलं.

तेव्हा सोनकी खिशाला लावायला माझी हरकत नाही. पण ज्यांच्या फार्महाऊसच्या भिंती परप्रांतीय गवंडी बांधतो आहे, त्यांनी आधी त्याची मजुरी ठरल्या दिवशी द्यावी आणि बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंद करून द्यावी. त्याच्या गावचं रेशनकार्ड आता इथल्या दुकानातही चालतं. त्याला माहीत नसेल तर त्याच्याबरोबर दुकानापर्यंत जा.