फ्लॉवरची पानं किती वेळा उघडायची?

आजचा श्लोक : गीता, अध्याय २, श्लोक ४७



आजचा श्लोक आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी याच श्लोकावर मला सगळ्यात जास्त मेसेज येतात आणि प्रश्न फिरून एकच असतो : फळावर हक्क नाही, तर मग फळाचा विचारच करायचा नाही का?

माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नाची तयारी करतोय. परवा फोनवर म्हणाला, "ताई, निकालाचं काही वाटूनच घ्यायचं नसेल, तर मी पहाटे चारला उठतो कशासाठी?" प्रश्न खरा आहे. त्याला नुसतं "निष्काम राहा" म्हणणं म्हणजे त्याचे कष्ट हलक्यात काढणं.

उत्तर शोधताना मला गच्चीवरच्या फ्लॉवरचा फार उपयोग झाला. भाजी म्हटली की अरणचे सावता महाराज आठवतातच. त्यांच्या मळ्यात फ्लॉवर नव्हता बरं का! तो भारतात आला १८२२ मध्ये, इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत. पण मळ्यातलं काम हीच पूजा, हा त्यांचा भाव कुंडीतल्या फ्लॉवरलाही तितकाच लागू पडतो.

फ्लॉवर तसा लाडावलेला. त्याला थंडी लागते, पण प्रत्येक जातीला वेगळी. पुसा दीपालीसारखी लवकर येणारी जात थोड्या उबेतही गड्डा धरते. स्नोबॉलला कडक गारवा हवा. उष्ण हवेत ती नुसती पानंच वाढवत बसते. आणि लवकरची जात उशिरा, थंडीत लावली तर बटणाएवढा गड्डा येऊन काम संपतं. म्हणजे बी हातात घेतानाच फळाचा विचार करावा लागतो. मग चार-पाच आठवड्यांचं रोप, कुंडीत एकच, भरपूर ऊन, नियमित पाणी. "फळ देवाच्या हाती" म्हणून यातलं काही टाळलं तर ती भक्ती नव्हे, आळस. याच श्लोकाचा शेवटचा चरण तेच बजावतो : काम न करण्याचीही ओढ नको. आपण पहिला चरण पाठ करतो आणि शेवटचा विसरतो.

आता दुसरी बाजू. गड्डा लिंबाएवढा झाला की आतली पानं वर घेऊन सुतळीने सैल बांधायची. ऊन लागलं की तो पिवळट पडतो. इथे खरी परीक्षा सुरू होते. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि हात सारखा सुतळीकडे जातो. दिवसातून चार वेळा पानं उघडली, तर जे जपायचं त्यालाच ऊन लागणार. पण अजिबातच बघितलं नाही, तर अळी आत शिरते किंवा वेळ टळून गड्डा सुटा आणि रवाळ होतो. म्हणजे बघणं चूक नाही आणि न बघणं म्हणजे वैराग्यही नाही. प्रश्न एवढाच : ही नजर रोपासाठी आहे की माझ्या जीवाला चैन पडावी म्हणून?

काळजी आणि आसक्ती यांतला फरक मला इथे कळतो. काळजीने बघितलं की हाताला पुढचं काम मिळतं : अळी काढ, पाणी दे, आज गड्डा काप. आसक्तीने बघितलं की फक्त पुन्हा बघावंसं वाटतं.

भावाला मी तेच म्हटलं. सराव परीक्षेचे गुण बघ, कुठला विषय कच्चा आहे ते कळेल. पण रात्री एक वाजता ग्रुपवर कटऑफचे अंदाज वाचणं म्हणजे पानं उघडणं. आणि चारला उठायचं कारण निकाल हेच असेल, तर निकालापर्यंतची सगळी वर्षं नुसती वेटिंग लिस्ट होतात. ज्या लोकांसाठी काम करायचंय त्यांचे कायदे, त्यांचे प्रश्न समजून घ्यायला उठत असशील, तर आजची पहाट आजच सार्थकी लागली.

हे सगळं करूनही ऐन थंडीत आठवडाभर उकाडा पडतो आणि गड्डा बिघडतो. तेव्हा वाईट वाटतं. वाटू द्या. श्लोक दुःखाला मनाई करत नाही; फळ हाच कामाचा हेतू होऊ देऊ नकोस, एवढंच सांगतो. ऊन आपलं नव्हतं, थंडी आपली नव्हती. पाणी घालणं आपलं होतं, ते आपण केलं.

आजचा अभ्यास : रिझल्ट, मेल किंवा लाइक्स बघायला हात गेला की एकदाच विचारा, "हे बघून मी पुढे काय करणार आहे?" उत्तर असेल तर जरूर बघा. नसेल तर पानं बांधलेलीच राहू द्या.

श्रीकृष्णार्पणमस्तु.